आतोबांची विलायती रवी

जकात नाक्यावरच्या माणसाला कुठलीही वस्तू ओळखता येते, असा एक गैरसमज आहे. आमच्या गावात तो मीच पसरवला होता.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. मी लोणावळ्याच्या नाक्यावर कारकून होतो. गावात येणारा माल बघायचा, ओळखायचा आणि पावती फाडायची, हे माझं काम. गोणीला नुसती टिचकी मारून आत गूळ आहे की शेंगदाणे, हे मी सांगायचो. (चिक्कीचं गाव! गोणीत तिसरं काही असायची शक्यताच कमी.) आणि वर लोकांना ऐकवायचो, "नजर पाहिजे, नजर!"

तर तुंगार्लीला माझी आत्या राहायची. आतोबांचं हमरस्त्यावर मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं. मुंबईच्या गाड्या घाट चढून धापा टाकत वर आल्या की त्यांच्या दारात येऊन बसकण मारायच्या. आतोबा गेले, मागोमाग गॅरेज गेलं, हत्यारं गेली, उरली एक लाकडी पेटी. ती मात्र आत्या कुणाला देईना. कारण शेवटच्या दुखण्यात आतोबा सांगून गेले होते, "ही पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर जाता कामा नये. जो ओळखेल, त्यालाच वीक."

आत्याची मुलगी नाशिकला. ती आईला कधीची बोलावत होती. आत्याचं सामान बांधून तयार होतं, पण पेटी योग्य हाती पडल्याशिवाय ती तुंगार्लीतून पाऊल उचलणार नव्हती. येईल त्याच्यापुढे पेटी उघडायची आणि मास्तरणीसारखं विचारायची, "हे काय आहे, सांगा." कुणी म्हणालं, दाताच्या डॉक्टरचं सामान. कुणी म्हणालं, घड्याळजीचं. आत्या नुसतं "बरं" म्हणायची आणि झाकण लावायची.

आता तुम्हीच सांगा, जिचा सख्खा भाचा नाक्यावर आहे, त्या बाईने परक्यांना कशाला विचारावं? मला हे कळलं तेव्हा माझा संताप झाला. तसाच सायकलवरून तुंगार्लीला गेलो.

"आत्या, गावभर विचारत फिरतेस आणि मला नाही?"

"तुला कुठली सवड, वसंता? बघ की. हे काय आहे, सांग."

मी पेटीत पाहिलं. वर एक लोखंडी यंत्र. वरच्या टोकाला छातीने दाबून धरायची मूठ, मधे दातेरी चक्रं, बाजूला फिरवायचा दांडा आणि खाली एक गज. शेजारी एक लाकडी काठी, तिच्या टोकाला रबराची वाटी. आणि एक पत्र्याचा डबा, त्याला दोन्हीकडे झाकणं. एकीकडे जाडसर करडं मलम, दुसरीकडे बारीक करडं मलम. नाव-गाव कशावरच नाही. (बनवणाऱ्याला चार अक्षरं लिहायला काय झालं होतं?)

मी दांडा फिरवला. दांडा आपला एकाच दिशेने फिरत होता, पण खालचा गज मात्र थोडा इकडे, थोडा तिकडे! पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे!

"ओळखलंस?" आत्याने विचारलं.

"ओळखलंय. फक्त घरी नेऊन खात्री करतो."

"बरं," आत्या म्हणाली. आज मला वाटतं, ते 'बरं' मी नीट ऐकायला हवं होतं.

घरी आलो तर आमची मालती ताक करत बसली होती. रवीला दोरी गुंडाळलेली. एक टोक ओढलं की रवी इकडे, दुसरं ओढलं की तिकडे. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे!

मी पेटी दाणकन खाली ठेवली. "मालती, ही विलायती रवी आहे!"

"काहीतरीच! आतोबा गॅरेजात ताक करायचे?"

"घाटात तापून आलेल्या गिऱ्हाइकाला काय देत असतील? ताकच की!"

यावर तिला पटलं. (म्हणजे तिने कपाळाला हात लावला. मला ते सारखंच वाटलं.) मग एकेक वस्तू आपोआप उलगडत गेली. रबराची वाटी कशाला? तर ताकाच्या भांड्याचं झाकण उचलायला. ती झाकणावर थुंकी लावून दाबली, तर झाकण खरंच उचललं गेलं! आणि मलम? घुसळून घुसळून मनगट दुखतं, त्यावर चोळायला! जाडसर मोठ्या माणसांना, बारीक लहानांना. इंग्रज किती पुढचा विचार करतो, या कल्पनेने मला भरून आलं.

मी गजाला रवी बांधली, मूठ छातीला लावली आणि दांडा फिरवला. ताक घुसळलं गेलं! लोणी वर आलं! फक्त त्याचा रंग करडा होता आणि त्याला स्टँडवरच्या एसटीचा वास येत होता.

"हे लोणी तुम्हीच खा," मालती म्हणाली.

"नवं यंत्र आहे, पहिल्यांदा असं व्हायचंच!"

"चाळीस वर्षांचं जुनं यंत्र आणि नवं?"

बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. (मोठ्याने म्हणण्याइतका मी बेसावध नव्हतो.)

तेवढ्यात शेजारचे दामूअण्णा गुडघा चोळत आले. आयुष्यभर रेल्वेत सिग्नल पाडून त्यांचा गुडघा कामातून गेला होता. मी उदार मनाने जाडसर मलम त्यांच्यापुढे केलं. "अण्णा, विलायती आहे. जोर लावून चोळा."

अण्णांनी जोर लावला. दुसऱ्या दिवशी ते काठी आपटत दारात उभे. "अरे वसंता, हे मलम आहे की कानस? माझ्या गुडघ्याचं साल निघालं!"

"आतली कळ बाहेर पडतेय, अण्णा."

"कळ नाही रे, कातडं बाहेर पडतंय!"

मी त्यांना बारीक मलम दिलं. उपकाराची जाणीव नसलेले लोक असतात, दुसरं काय! ते बारीक मलम घेऊन गेले आणि नंतर माझ्याशी बोलेनासे झाले.

मग मी गिऱ्हाईक शोधायला लागलो. नाक्यावरून दूधवाले जात, त्यांना सांगितलं, 'ताक करायचं विलायती यंत्र विकणे आहे.' नवलाख उंबरे गावच्या गेनूभाऊंनी लगेच तयारी दाखवली. चार म्हशींचे धनी, शिवाय घरची एक म्हातारी लॉरी. "दसऱ्याच्या आधी येतो, सायेब. ठिवा माज्यासाटी." मी ताबडतोब आत्याला निरोप धाडला, 'ओळखणारा मिळाला. नाशिकचं तिकीट काढ.'

आत्याचा उलट निरोप आला, 'उद्या खंडेनवमी. पेटी पूजेला हवी. घेऊन ये.'

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पूजतात. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा नांगर, चांभाराची रापी. पण रवी? ताकाची रवी हत्यारांत बसवायची? मी तणतणत पेटी घेऊन तुंगार्लीला गेलो. दामूअण्णाही निघाले. माझ्याशी बोलत नसले तरी आत्याकडे माझी तक्रार करायची होती. आणि पाठोपाठ, मी तिकडेच बोलावलेल्या गेनूभाऊंची लॉरी आली. आली म्हणजे आधी आवाज आला, मग धूर आला, मग बऱ्याच वेळाने लॉरी आली.

गेनूभाऊ उतरले ते चिडूनच. "चढ लागला की खाली बसतीया! इंजनाचं व्हॉल्व गेल्याती. दम धरत न्हाई. त्ये घासायचं मशीन कुटं मिळंना. तळेगाव झालं, पुणं झालं..."

"ते इथे कुठलं मिळायला!" मी हळहळलो. "ते मुंबईलाच. माझ्या नाक्यावरून गेलं असतं तर मी नजरेनं ओळखलं असतं."

आत्या पेटीशेजारी बसून यंत्र पुसत होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राच्या चक्रात बोट घातलं. "वसंता, हे काय?"

"वंगण असेल."

आत्याने वास घेतला. "हे लोणी आहे."

मी खुलासा केला. विलायती रवी, झाकण उचलायची वाटी, मनगटाचं मलम, सगळं. आत्याने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, आतोबांच्या आठवणीने रडतेय!

"मग आजी," गेनूभाऊ म्हणाले, "द्या की मला ह्ये ताकाचं यंत्र."

"ताकाचं म्हणत असाल तर नाही द्यायचं," आत्या म्हणाली.

झालं! माझा पारा चढला. एवढा खटाटोप करून गिऱ्हाईक आणावं, आणि ऐन वेळी असं? "आत्या, तुला स्वतःला तरी ठाऊक आहे का हे काय आहे ते?"

"मी सांगायचं नाही. ओळखायचं."

"निदान फिरवून तरी बगू द्या," गेनूभाऊ म्हणाले.

"फिरवा. अजून पूजा व्हायचीय."

त्यांनी मूठ छातीला लावली. दांडा फिरवला. गज इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. फिरवता फिरवता ते एकदम थांबले आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"आरं तिच्या! ह्यो त्योच हाय!"

"कोण?" मी विचारलं.

"तुमचं मालक रस्त्यावरच्या ग्यारेजमंदी व्हतं का, आजी? मी लॉरी घ्यून गेलतो. म्हनलं, लवकर करा, तर म्हनाले, लवकर पायजे तर दांडा मार! सकाळपास्नं दिवस बुडंपतूर ह्येच फिरवाया लावलं! गिऱ्हाईक मी, पैसं बी माजं, आन् राबायचं बी मीच! मनगाट आठवडाभर सुजलं व्हतं. आन् चा सुदीक न्हाई पाजला!"

आत्या हातातलं फडकं टाकून उठली. तिचे डोळे चमकत होते. "ते सगळ्यांनाच लावायचे फिरवायला. कशासाठी फिरवलं होतंत, तेवढं सांगा."

"व्हॉल्व घासाया! दुसरं कशाला? ह्या काटीच्या वाटीनं व्हॉल्व धरायचा, ही वाळूची पेस्ट लावायची, आन् मागं-फुडं, मागं-फुडं, जागंवर घट बसंस्तवर..." आणि गेनूभाऊंचा आ वासला. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, दारातल्या लॉरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन् सायेब, तुमी म्हनला ताक?"

"वाळूची?" दामूअण्णा कोपऱ्यातून ओरडले. "म्हणजे माझा गुडघा याने वाळूने घासला?"

"जाड लावली का बारीक?" गेनूभाऊंनी काळजीने विचारलं.

"आधी जाड, मग बारीक."

"मंग बरुबर केलंया की! आता गळती न्हाई व्हायची."

मी आत्याकडे वळलो. मला भयंकर राग आला होता. "तुला माहीत होतं! मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून दिलं तर ओळखलं कुठे? शिवाय तू विचारलंस कधी? आल्यापासून तूच मला सांगत होतास."

सौदा दोन मिनिटांत ठरला. गेनूभाऊंनी एकच अट घातली, त्या दिवशीचा राहिलेला चहा आधी मिळावा. आत्याने त्यांना दोन कप पाजले आणि आतोबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "फेडला हो तुमचा चहा." मग यंत्राला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल बसलं. पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी हलत नाही, म्हणून पेटी राहिली. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन झाल्यावर गेनूभाऊंनी आपट्याची पानं देऊन ती नेली आणि त्याच आठवड्यात आत्या नाशिकला गेली. गाडीत बसेपर्यंत तिचे खांदे मधूनमधून हलत होते. आता ती रडत नव्हती, हे मलाही कळत होतं.

नाक्यावर पुढे वर्षभर काहीही अनोळखी आलं की शिपाई मला हाक मारायचा, "साहेब, जरा बघता का? ताकाचं आहे का हे?" या देशात माणसाच्या अनुभवाला किंमतच नाही.

दिवाळीला गेनूभाऊंची लॉरी नाक्यावर आली. आवाज नाही, धूर नाही, चढ चढून ऐटीत! त्यांनी माझ्या हातात एक लांबट पुडकं ठेवलं. ते घरी नेलं. मालतीने कागद सोडला आणि आतली वस्तू माझ्यापुढे धरली. बाभळीच्या लाकडाची, घडीव, खाली फुलासारख्या पाकळ्या.

"हे काय आहे, ओळखा पाहू," ती म्हणाली.

मी वस्तू नीट न्याहाळली. उलटीपालटी केली. मला ओळखू आली नाही, असं मुळीच नाही. पण खबरदारी म्हणून म्हणालो, "नाशिकला पत्र टाकून आत्याला विचारतो."