बेट फुगलं नव्हतं

माझं काम लोकांना समजावून सांगताना माझी त्रेधा उडते. "मी सोलापुरात बसून समुद्रातल्या एका ज्वालामुखीच्या बेटावर नजर ठेवते," म्हटलं की समोरचा मला चहा विचारायचंही विसरतो. खरं तर गोष्ट सरळ आहे. उपग्रह बेटावरून जाताना रडारच्या लहरी सोडतो, त्या जमिनीवर आपटून परत येतात. बारा दिवसांनी तो पुन्हा तिथूनच जातो. दोन्ही वेळच्या लहरी ताडून पाहिल्या, की जमीन बोटभर वरखाली झाली असली तरी कळतं. पोटात लाव्हा साचू लागला की बेट फुगतं.

गेल्या वर्षी माझं बेट फुगलं. उत्तरेची सगळी बाजू चार बोटं वर आलेली दिसत होती, आणि त्याच बाजूला कोळ्यांची एक वस्ती होती. संस्थेतल्या मॅडमना कळवलं तर त्या म्हणाल्या, "सोमवारी पक्का अहवाल दे. वस्ती हलवायची का, ते तिथलं सरकार त्यावर ठरवणार आहे." माझ्या नावाचा पहिला अहवाल! रविवारी मी श्रीखंड आणलं.

जेवताना आबांनी विचारलं, "कशापासनं मापलंस?"

आबा, म्हणजे माझे वडील, होटगीला रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये होते. आयुष्यभर रूळ उचलणं आणि बसवणं केलेला माणूस. मी ऐटीत सांगितलं, की भोवती समुद्र, त्यामुळे बेटावरचीच एक जागा स्थिर धरायची आणि बाकी सगळं तिच्या तुलनेत मोजायचं. बेटभर जंगल, पानं हलली की रडार गोंधळतं. एकच मोठी जागा लख्ख दिसते, काही वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्ह्याचं उघडं पठार. मी तेच धरलं.

"त्ये न्हाय का बसत खाली? ताजा भराव हाय की."

"आबा, दगड आहे तो. तुमचा मुरूम नाही." माझी जीभ अशीच आहे.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "नोकरीला लागलो त्या उन्हाळ्यात काळ्या रानात खुंटी मारली आन् तिच्यावरनं रूळ मापला. रूळ वर आलाय म्हनून बोंब मारली. धा मानसं लावून रूळ खाली घेतला. रूळ जाग्यावरच हुता, बाय. माती वाळून खुंटीच बसली हुती. पुन्ना सगळा उचलाया लागला. तवापासनं पुलाच्या दगडावरनंच माप घ्यायचो."

श्रीखंड तसंच टाकून मी उठले. राग आबांचा नव्हता. ताजा लाव्हा निवताना वर्षानुवर्षं आकसतो, खाली बसतो, हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवलेलं होतं.

दक्षिणेच्या टोकाला जुन्या खडकाचा एक कडा होता. तिथं रडारला भरवशाचे जेमतेम मूठभर ठिपके मिळायचे, म्हणून मी तो मोजणीतूनच सोडून दिला होता. आता तोच स्थिर धरला आणि सगळं गणित पुन्हा लावलं. दुपारभर संगणक गुरगुरत होता. चहाच्या वेळेला चित्र आलं. उत्तरेची बाजू जिथल्या तिथं होती. माझं लख्ख पठारच खाली बसत होतं.

खरं सांगते, आधी वाईट वाटलं. लोक सुखरूप आहेत याचं मला वाईट वाटलं, आणि तसं वाटलं याची लाज आजही जात नाही. बेट फुगायला हवं होतं मला.

शंका नको म्हणून आणखी दोन कडे धरून पाहिले. तेच उत्तर. मग मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं आज सांगितलंस. नीट लिहून पाठव."

आबा दारात उभे होते. "मग त्या मानसांनी ऱ्हायचं की तितंच?"

"हो, राहायचं."

"घरं किती हायेत?"

दोन वर्षं मी त्या बेटाकडे रोज बघत होते. मला माहीत नव्हतं.

मी बेटाचा साधा फोटो उघडला, वस्ती मोठी केली. आबांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट टेकवून छपरं मोजायला लागले. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजली. चौतीस. मी आदल्या वर्षीचा फोटो शेजारी लावला. त्यात तेहेतीसच होती.

आबांनी चौतिसाव्या छपरावर बोट ठेवलं. कोऱ्या पत्र्याचं होतं, उन्हात चमकत होतं.

"ह्ये आत्ताच बांधलंय बग कुनीतरी," ते म्हणाले.