सवतीचा राणीछाप रुपया

५ मार्च १९५६. सकाळी मी चिंचेच्या पाण्यानं देवाची भांडी घासत होते. नाणी घासायची मात्र मला बंदी होती — चांदीवरचा काळेपणा गेला की शौकीन लोक नाण्याला हात लावत नाहीत, असं हे म्हणत.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तेवढं लिहिते.

आम्ही सिंदेवाहीला राहतो. हे मास्तर, इंग्रजी अमलातले चांदीचे रुपये जमवणारे. मी यांची दुसरी बायको. आमच्याकडे बिजवराला दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावानं चांदीचा टाक घालतात. सासूबाईंनी टाकाऐवजी कडी लावलेला राणीछाप रुपया बांधला. बाईचा चेहरा आहे ना, झालं! "रोज आधी इले कुंकू, मंग तुले." एकोणीस वर्षं मी तसंच केलं. आधी त्यांच्या धाकानं, त्या गेल्यावर सवयीनं.

त्या सकाळी मी वाकले, रुपया उलटा लोंबला आणि यांना मागचं साल दिसलं. १८७६!

"वो, काढ ते! पुढच्याच साली राणीची सम्राज्ञी झाली, नाण्यावरचं नाव बदललं. एवढंच साल माह्यापाशी नाई. परवा नागपूरचे साहेब पाहाले येऊन राह्यले."

सोनाराकडून कडी छाटून रुपया कुलपाच्या डबीत गेला. खरं सांगते, मला मोकळं वाटलं. उद्यापासून आधी माझं कपाळ!

दुसऱ्या दिवशी कुंकू लागलंच नाही. मेण लावलं, वर कुंकू... सगळं पदरावर. कपाळ साबणानं धुतलं, मेण बदललं, तरी तेच. लेकीनं माझ्याच कुंकवाच्या डबीतलं स्वतःला लावलं, तिला चिकटलं. तिनं मला लावलं — गळून पडलं.

"माय, तुले ताप त नाई?"

कपाळ थंडगार होतं.

मी यांना म्हटलं, "डबी उघडा. एकदा त्याले कुंकू लावू द्या."

"डाग पडन ना!"

"मंग उद्या पाहुण्यापुढं अशी येऊ? सवाष्ण बाई मी."

"पदर समोर ओढ."

"पहिलीचा चेहरा तरी आठवते का तुमाले?"

भिंग डोळ्याला लावूनच म्हणाले, "नाई वो. दोन वर्षं त होती." आणि लगेच, "हे पाह्य, राणीच्या गळ्यातली माळ किती साफ उठली आहे!"

एकोणीस वर्षं त्या बाईला रोज कुणी आठवलं असेल, तर ते मीच.

पुढं डॉक्टरांना दाखवलं. कातडीला काही नाही म्हणाले. तीन वर्षं होत आली. रुपया डबीतच आहे आणि माझ्या कपाळावर कुंकू टिकत नाही. का, ते मला कुणी सांगू शकलेलं नाही.

तर साहेब यायचे होते त्या सकाळी मी मेणाची डबी उघडलीच नाही. पदर न ओढता दार उघडलं. नागपूरच्या साहेबांनी माझं कपाळ पाहिलं आणि नजर खाली घातली.

"अरेरे... मास्तर कधी गेले, बाई?"

"आत बसले आहेत," मी म्हटलं. "या, नाणी पाहून घ्या."