पाठ केलेल्या एकशे बारा ओळी

गेल्या हिवाळ्यात चौदा आठवडे माझ्या डोक्यावर एक माणूस येरझारा घालत होता. डोणगावात बसस्टँडच्या मागे माझं दुमजली घर आहे. खाली मी राहतो. वरच्या खोलीत तीस वर्षं माझा टायपिंगचा क्लास चालला. पुढे यंत्रं भंगारात गेली आणि खोली नुसती धूळ खात पडली. दिवाळी झाली तशी ती मागायला गोपाळ आला. गोपाळ म्हणजे आमच्या दिगंबरगुरुजींचा मुलगा. वय एकतीस, स्वतःही गुरुजी. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं बाप लावतो, निम्मी हा.

"काका, तुमची वरची खोली मले चौदा हप्ते देता का? तुमच्याकडं नेट चांगलं आहे."

"काऊन बे, तिथून ऑनलाइन सत्यनारायण सांगतो का?"

"कोडिंग शिकून राह्यलो. पुण्याचा क्लास आहे, रोज नऊ ते सहा. घरी मुहूर्त विचारणाऱ्यांची रीघ असते, तिथं जमणार नाई."

मी हसलो. तो हसला नाही, म्हणून मग मीही आवरतं घेतलं. ऐन तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम सोडून गुरुजी कॉम्प्युटरपुढे बसणार, ही बातमी गावभर व्हायला एक दिवस पुरला. भटजीला कोणी मुलगी देत नाही म्हणून पोरगं नोकरीमागे लागलं, असं लोक म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं. चार ठिकाणांहून नकार आलेले मलाच माहीत आहेत. पण खरं कारण त्याने मला दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं. एका लग्नात नवरी मुलीने भर मांडवात विचारलं, गुरुजी, आत्ता तुम्ही जे म्हणालात त्याचा अर्थ काय? याला सांगता आला नाही. सात वर्षं वेदपाठशाळेत राहून याने सगळं मुखोद्गत केलं होतं, पण अर्थ शिकायची वेळ आली तेव्हा घरी लग्नसराई होती आणि बापाने बोलावून घेतलं. नवरी म्हणाली, "तुम्हालाच माहीत नाही होय?" आणि मैत्रिणी हसल्या. गोपाळने लग्न लावलं, दक्षिणा घेतली आणि त्या दिवसापासून त्याचा जीव कशात लागेना.

"बाबाले अर्थ येतो," तो म्हणाला. "मले येत नाई. आन् मी आयुष्यभर तेच म्हणत राहू?"

मुलाने हंगाम सोडला त्या दिवसापासून दिगंबरगुरुजींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढलं आहे हेसुद्धा ते बायकोकरवी सांगत. शारदावहिनी दुपारी डबा घेऊन माझ्याकडे येत आणि जिन्याखाली उभ्या राहून विचारत, "बसला आहे का हो एका जागी?" मी खरं सांगायचो. बसत नसे. वर्ग सुरू असला की कॅमेऱ्यापुढे ताठ, मांडी घालून. मधली सुट्टी झाली की भिंतीपासून भिंतीपर्यंत नऊ पावलं, वळण, पुन्हा नऊ पावलं. वरून माझ्या चहात पोपडे पडत. एकदा मी काठीने छत ठोकलं तर दोन मिनिटं शांतता, आणि मग पुन्हा सुरू, या वेळी अनवाणी. माझं डोकं उठायचं, पण राग धरता येत नव्हता. त्याला माघारी जायला जागा उरली नव्हती, हे मला दिसत होतं. क्लासच्या शेवटी ज्यांची नावं यादीत येतील त्यांनाच कंपन्यांच्या मुलाखती मिळणार होत्या. यादीत नाव नाही, तर पुन्हा तोच मांडव आणि कधीतरी पुन्हा तीच नवरी.

तेराव्या आठवड्यात परीक्षा झाली. दोन तास, कॅमेरा चालू. दुसऱ्या दिवशी गोपाळ खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"काका, मी कॉपी केली म्हणते मॅडम. कॅमेऱ्यात दिसून राह्यलं म्हणते का माझे डोळे मिटेल होते आन् ओठ हालत होते. कोणीतरी बाजूनं सांगत होतं, असं वाटलं त्यायले."

"होतं का कोणी?"

"कोण असणार? मी आवर्तन करत होतो."

तेव्हा मला कळलं की हा शिकला कसा. मॅडमनी एकदा शिकवलं की त्याचं रेकॉर्डिंग लावायचं, एक ओळ ऐकायची आणि दोनदा म्हणायची. रोज दहा वेळा, पुस्तक न पाहता. पाठशाळेत याला संथा म्हणतात. गुरूने म्हटलं तसं म्हणायचं, अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. माझ्या डोक्यावरची ती नऊ पावलं म्हणजे तो प्रोग्रॅम पाठ करत फिरायचा. इतके आठवडे मला वाटत होतं, पोरगं काळजीने फिरतं.

मॅडमनी बाजू मांडायला दुपारी तीनची वेळ दिली होती. "तुम्ही बाजूले बसा," गोपाळ म्हणाला. "मले एकट्याले हिंमत होत नाई." मी क्लासातलं जुनं स्टूल ओढून बसलो. पडद्यावर नीरजा मॅडम आल्या, त्याच्याहून पाचेक वर्षांनी लहान. त्याने रोजच्यासारखे हात जोडले. मॅडमशी तो जपून, अगदी पुणेरी बोलायचा.

"गोपाळजी," त्या म्हणाल्या, "तुमचं उत्तर आणि माझं चौथ्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग शब्दाला शब्द सारखं आहे. तेही एक वेळ सोडून देऊ. पण सत्तेचाळिसाव्या ओळीला तुमचा प्रोग्रॅम पडद्यावर 'चहा' असा शब्द दाखवतो. का?"

"तुम्ही सांगितली होती ती ओळ."

"मी त्या दिवशी मध्येच चहाला उठले होते. कुठे थांबले ते कळावं म्हणून खूण टाकली, आणि पुसायची विसरले. त्या ओळीचा प्रोग्रॅमशी काडीचा संबंध नाही. समोर ठेवून उतरवल्याशिवाय ती तुमच्या उत्तरात कशी येईल?"

आता माझ्याच्याने राहवेना. मी स्वतः तीस वर्षं पोरांकडून एकच ओळ शंभर-शंभर वेळा टाइप करून घेतली आहे. पाठ करणं ही चोरी असेल तर मी मोठा दरोडेखोर ठरतो.

"ओ मॅडम," मी स्टूल पुढे ओढून म्हणालो, "पोराले पाठ आहे ते. म्हणायले लावा, मंग बोला."

मॅडमनी भुवया वर केल्या. "म्हणा."

गोपाळने लॅपटॉप थोडा मागे सरकवला, डोळे मिटले आणि सुरू केलं. एकशे बारा ओळी. कंस उघडला, कंस बंद केला, अर्धविराम, पुढची ओळ. सूर तोच, मंगलाष्टकांच्या आधी लागतो तो. सत्तेचाळिसाव्या ओळीला "चहा" सुद्धा त्याने त्याच गांभीर्याने म्हटलं. मला हसू आलं, पण ते मी दाबलं. एवढी मेहनत मी माझ्या एकाही विद्यार्थ्यात पाहिली नव्हती.

मॅडमनी शेवटची ओळ आपल्या कागदावर ताडून पाहिली. मग म्हणाल्या, "कॉपीचा आरोप मी मागे घेते. मला माफ करा." मी गोपाळच्या पाठीवर थाप मारणार होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आता मला फक्त एक सांगा. एकोणिसावी ओळ तिथेच का आहे? ती तेविसाव्या ओळीनंतर टाकली तर काय होईल?"

गोपाळचे ओठ हलायला लागले. तो पहिल्या ओळीपासून म्हणत एकोणिसाव्या ओळीपर्यंत पोचला आणि तिथे थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला बाजूने दिसत होता.

"येत नाही," तो म्हणाला.

मॅडमनी आणखी दोन ओळी विचारल्या. त्याही येत नव्हत्या. ज्या प्रश्नाला भिऊन हा मांडव सोडून पळाला, तो प्रश्न पुण्याहून माझ्या माडीवर येऊन बसला होता. मला त्या क्षणी मॅडमचा संताप आला, आणि त्या चुकत नाहीत हे कळून जास्तच आला.

"हे पास धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत वेळ घ्या. माझं काही नको. तुमच्या माहितीतल्या एखाद्या कामाचा प्रोग्रॅम लिहा. मी प्रत्येक ओळीला 'का' विचारीन. 'तुम्ही सांगितली होती' असं एकदा जरी उत्तर आलं, तर यादीत नाव नाही."

पुढचे तीन दिवस वरची पावलं बदलली. नऊ मोजून वळणारा माणूस आता चारवर थांबायचा, दोन मागे यायचा, धाडकन बसायचा, पुन्हा उठायचा. डबा तसाच परत जायचा. लिहायचा आणि पुसायचा. "काका, लिहायले घेतलं का त्या मॅडमच्याच ओळी तोंडात येतात," तो म्हणाला. मी म्हटलं, "तोंड बंद ठेव." दुसरा काय सल्ला देणार?

गुरुवारी त्याला विषय सापडला. एकाच दिवशी दोन गावांत लग्नं असतील, तर एका गुरुजीला दोन्ही साधतील की नाही, ते सांगणारा प्रोग्रॅम. वेळ टाकायची, गाव टाकायचं, मधलं अंतर टाकायचं. दुपारपर्यंत निम्मा झाला आणि अडला. पत्रिकेवर अकरा चाळीस छापलेलं असतं, पण आमच्याकडे अकरा चाळीसला अक्षता पडल्याचं कोणी पाहिलेलं नाही. मग वेळ धरायची कोणती? तो लॅपटॉप तसाच उघडा टाकून जिना उतरला आणि घरी गेला.

पुढचं मला शारदावहिनींनी सांगितलं. दिगंबरगुरुजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. गोपाळ समोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, लग्नाले उशीर किती धरायचा?"

तीन महिन्यांत बाप-लेकांत शब्द नव्हता. गुरुजींनी आधी बायकोकडे पाहिलं. पण प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता आणि आजवर गोपाळने तो कधी विचारला नव्हता. "मारुतीच्या पारावरून वरात कशी निघते, त्यावर आहे," ते म्हणाले. "बँड असंल तर पाऊण तास. डीजे असंल तर सव्वा. नवरदेवाले मामा जास्त असले तर आणखी पंधरा मिनिटं, कारण सगळे नाचतात." मग अर्धा तास ते बोलत राहिले, कोणत्या गावचा रस्ता कसा, कुठे जेवल्याशिवाय सोडत नाहीत, असं सगळं. कोर्सबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. गोपाळ माझ्याकडे परत आला तेव्हा पायांत चपला नव्हत्या, त्या तो घरीच विसरला होता.

सोमवारी मी न बोलावता स्टुलावर जाऊन बसलो. प्रोग्रॅम एकोणचाळीस ओळींचा होता. मॅडम एकेक ओळ विचारत गेल्या. गोपाळचे डोळे उघडे होते. दोन ठिकाणी अडखळला, एका ठिकाणी चक्क चुकला, पण ती चूक त्याची स्वतःची होती आणि त्यानेच ती शोधून दुरुस्त केली. सव्वा तासाच्या ओळीला मॅडमनी "हे का?" विचारलं, तेव्हा त्याने वरात, डीजे आणि मामा सगळं समजावून सांगितलं. त्या मनापासून हसल्या.

मग त्या थांबल्या. "एकविसावी ओळ. इथे तुमचा प्रोग्रॅम 'बाबा' असा शब्द दाखवतो. का?"

मी स्टुलावरून वाकून ती ओळ पाहिली.

"तिथे मी अडलो होतो, मॅडम," गोपाळ म्हणाला. "बाबांना विचारायला उठलो. खूण म्हणून टाकली आणि पुसायची राहिली."

"ठीक. मग आता ती काढून टाका."

एरवी याने लगेच हात जोडून ओळ पुसली असती, एवढं मी त्याला ओळखतो. बोट बटणावर गेलंही होतं. ते तिथेच थांबलं. त्याने मॅडमकडे पाहिलं, आणि इतक्या आठवड्यांची पुणेरी भाषा विसरून विचारलं, "काऊन?"

काऊन म्हणजे का, हे पुण्याच्या मॅडमना कळलं की नाही, माहीत नाही. प्रश्न मात्र कळला. त्या खुर्चीत टेकून बसल्या आणि कारण सांगू लागल्या. गोपाळने ते पुरतं ऐकून घेतलं, मग ओळ पुसली. त्याच दिवशी संध्याकाळी यादीत त्याचं नाव आलं, सगळ्यात शेवटी.