सविताचा प्रश्न

काल शेतावरून फवारणीच्या औषधाचा वास आला आणि मला सेनगावजवळचं आरोग्य केंद्र आठवलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी आणि तांड्यावरून शिकून आलेली सविता तिथे इंटर्न होतो. परीक्षेत पहिला मीच यायचो. उलट्यांनी बेजार झालेली एक बाई आली. मी शिळं अन्न बाधलं असं ठरवून सलाईन लावायला सांगितलं. सविता मात्र तिच्याजवळ बसली.

“मावशी, सकाळपासून काय करून राहिल्या व्हत्या?”

“कपाशी फवारून राहिले व्हते, बाई.”

सविताने तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. फवारणीच्या औषधाची विषबाधा होती. बाई वाचली, पण मला सविताचा इतका हेवा वाटला की ती वाचल्याचा आनंदही झाला नाही.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. त्यात तो प्रश्न मी विचारलेला असतो.