रडणाऱ्यांची हजेरी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सरकारी पाळणाघर आलं, त्याच आठवड्यात मी त्याविरुद्ध पहिलं तक्रारपत्र लिहिलं. पुढच्या तीन वर्षांत आणखी तीस लिहिली. वेळ आणि आकडा नसलेलं वाक्य लिहू नये, असं शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. रोजनिशी मी तशीच लिहिते आणि पत्रं तिच्यातूनच उतरवते. ‘सकाळी नऊ. नऊ मुलं रडत आहेत. दहावा बादली बडवत आहे.’

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. बुटक्या, दणकट, हात कायम ओले. तक्रारींची पेटी त्यांच्याच दाराशी असल्यामुळे मी खिडकीतून सोडलेली पाकिटं मावशीच तिच्यात टाकत.

“टाकलं हो आजी,” त्या खिडकीखालून ओरडत. “या वेळी पातळ लागलं. बरं नाही का?”

एकदा जिन्यात दम खायला थांबल्या, तेव्हा म्हणाल्या, “मी कारखान्यात जायची तेव्हा धाकट्याला थोरलीनं सांभाळलं. तिची चौथी त्याला कडेवर घेऊनच संपली. पाचवी झालीच नाही. कधी बोलून दाखवत नाही हो. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.” थोरलीसारखी दुसरी कुणी घरी बसू नये, म्हणून त्या या कामाला लागल्या होत्या.

काम चोख. खोड एकच, रडणाऱ्या मुलाची हजेरी त्या लावत नसत. “आई सोडून गेली की पोर नुसतं पोचतं,” त्या म्हणत. “आलं कधी म्हणायचं? रडं थांबेल तेव्हा.” कचेरीला मात्र आकडा नऊच्या ठोक्याला फोनवर हवा असे, आणि नऊ वाजता तिथे रडण्याचा ऐन बहर.

एका सकाळी कचेरीतले साहेब फाईल घेऊन माझ्याकडे आले. तिच्यात सर्वांत जाड भाग माझाच होता.

“आजी, तुमचं काम झालं. पंधरापेक्षा कमी मुलं, म्हणून पाळणाघर महिनाअखेर बंद. तक्रार मिटली, एवढी सही करा.”

मी पेन उघडलं. खाली दहाएक वर्षांची एक मुलगी दप्तर पाठीवर, भाऊ कडेवर अशी आली, भावाला मावशींच्या हाती देऊन शाळेकडे पळाली. महिनाअखेरीनंतर तिला पळायची गरज उरणार नव्हती.

माझं मन द्रवलं, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे माझी नजर कागदावरच्या आकड्यावर अडली.

“सरासरी अकरा? साफ चूक. इथे रोज नऊ-दहा तर नुसती रडतातच.”

मी रोजनिशी पुढे ठेवली. साहेबांनी मावशींना वर बोलावलं.

“ही रडणारी तुमच्या अकरांतली का?”

“छे हो साहेब! रडणाऱ्याला हजर कसं लावू? त्याचा जीव तर आईच्या पिशवीतून कामावर गेलेला असतो.”

साहेबांनी चष्मा काढला. “अहो मावशी, सरकारला नुसता देह चालतो!”

दुपारपर्यंत दोन्ही वह्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या. त्यांच्या वहीत नऊ वाजता गप्प असलेली मुलं, माझ्या वहीत त्याच वेळी रडणारी. बेरीज कुठल्याही दिवशी एकोणिसाच्या खाली येईना. तीन वर्षं ज्यांना हाकलायला मी लिहीत होते, त्यांची निम्मी हजेरी मीच लावत होते.

बंदचा हुकूम रद्द झाला. हजेरी दारातच लावायची, अशी तंबी मावशींना मिळाली. त्या संध्याकाळी माझ्या दाराशी आल्या.

“आजी, एक ऐकाल? तक्रारी थांबवू नका. माझ्या वहीवर कचेरीचा भरवसा नाही, तुमच्या कटकटीवर आहे.”

बत्तिसावं पत्र काल गेलं. आठ मुलं रडत होती. बादलीवाला हल्ली ताल धरतो, तेही नमूद केलं आहे.