बुढीची मुरमाची वाट

आमच्या बुढीच्या सायकलीला घंटी नव्हती. सायकल घरी आली त्याच दिवशी तिने घंटी पान्ह्याने खोलून फळीवर टाकून दिली. मी विचारलं तर म्हणाली, "घंटी गर्दीत वाजवाची असते. माह्या वाटेवर मोर हायेत, ससे हायेत. त्यायले काऊन हटवू? त्यायचंच घर हाय थे. मीच थांबतो ना." मोर दिसला की ती पाय टेकवून उभी राहायची. पण समोरून मोटार आली तर हीच बाई सीटवरून उतरत नसे. मोराला वाट द्यायची, मोटारीला नाही, असा तिचा कायदा होता.

बुढी म्हणजे माझी बायको. आमच्याकडे बायकोला बुढी म्हणतात, त्यात अपमान नाही. ती मला बुढा म्हणायची, त्यात मात्र थोडा असायचा. आम्ही ढिवर. केळझरच्या टेकड्यांकडे आमच्या गावाचं धरण आहे, त्याच्या तलावात जाळं टाकायचं काम माझं आणि मासळी विकायचं तिचं. तलावातून पाट निघतो. पाटाच्या पाळीवरून मुरमाची वाट जाते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला टेकड्या आणि सागाचं रान. त्या वाटेला लागून लहान लहान गावं आहेत. रोज सकाळी टोपलं कॅरेजला बांधून ती त्या गावांना जायची. डांबरी सडकेने गेली असती तर अंतर कमी होतं. पण सडकेवर ती पाय ठेवायला तयार नव्हती. म्हणायची, "डांबरावर पाय चालते अन् डोये झोपते. मुरमावर डोये उघडे ठेवा लागते."

मला सायकल येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यात सायकल नव्हती. बाजाराच्या दिवशी ती चालवायची आणि मी मागे बसायचो, टोपलं मांडीवर घेऊन. पानठेल्यावरच्या लोकांना फुकटचा तमाशा. एकदा एक जण ओरडला, "काय काकू, बुढ्यालेबी टोपल्यासंगंच इकता का काय?" ती थांबलीही नाही. पायडल मारता मारताच म्हणाली, "इकलं असतं रे, पण याले घेते कोण!" सारा ठेला हसला. मीसुद्धा हसलो. तिच्या मागे बसायची मला कधी लाज वाटली नाही आणि ज्याला वाटत असेल त्याने खुशाल वाटून घ्यावी.

मधल्या काळात नागपूर-वर्ध्याकडचे लोक रविवारी सायकली घेऊन येऊ लागले. जाड टायरच्या सायकली, डोक्यावर टोप, अंगाला चिकटलेल्या चड्ड्या. त्यांना मोटारी नसलेला कच्चा रस्ता पाहिजे असतो. त्याला ते ग्रॅव्हल म्हणतात. बुढी म्हणाली, "मुरूम म्हण ना बापू, जीभ झिजते का?" त्यांच्यातल्या एका मॅडमने तिला सांगितलं की या चड्डीला आतून गादी असते. बुढीने बोट लावून पाहिलं आणि मला हाक मारली, "अहो, पाहा! यायनं गादी बुडाले बांधून आणली. आपण सीटवर पोतं बांधतो, तेच थे." मॅडम पोट धरून हसली. मग बुढी लुगड्याचा काष्टा खोचून पुढे आणि ते आठ-दहा जण मागे, अशी वरात तलावाला वळसा घालून टेकडीपर्यंत गेली. त्यांना ती आवडली आणि तिला ते आवडले. "मोटर घरी ठेवून येते ना," ती म्हणाली, "म्हणजे माणसं बरे हायेत."

मग टेकडीपलीकडे गिट्टीची खदान सुरू झाली. मालक बाहेरचा नव्हता, आमच्याच भागातला, शेतकऱ्याचा पोरगा. त्याचे टिप्पर सडकेचा फेरा वाचवायला पाटाच्या पाळीवरून जाऊ लागले. पाळ ती केवढी! टिप्पर आला की सायकलवाल्याने एकतर रानात शिरावं, नाहीतर पाण्यात पडावं. शाळेत जाणारी एक मुलगी सायकलीसकट पाटात पडलीच. पाणी कमी होतं म्हणून वाचली. त्या दिवशी बुढी मासळी तशीच ठेवून खदानीवर गेली. मालक म्हणाला, "काकू, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?" ही म्हणाली, "तुह्या बापाचा असन तं त्याले घेऊन ये, मी त्याच्यासंगं बोलतो." बोलणं तिथेच संपलं. टिप्पर चालूच राहिले.

पुढे पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला गावाच्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेले बैल उभे करतात. पाटलाचा मानाचा बैल पहिल्यांदा तोरणाखालून जातो, तेव्हाच तोरण तुटतं. त्याच्या आधी तोरण तोडणं तर सोडाच, ओलांडायची कोणाची छाती होत नाही. बुढी पाटलाकडे गेली. म्हणाली, "भाऊ, यंदा तोरण पाटाच्या वाटेच्या तोंडाशी बांधा." पाटील म्हातारा आणि आतून खट. त्याला एका मिनिटात समजलं. तोरण वाटेच्या तोंडावर बांधलं. बैल आले, वाजंत्री वाजली, पूजा झाली. आणि ऐन वेळी पाटील म्हणाला, "माहा बैल लंगडून राह्यला. थो बरा होईन तवा तोरण तुटन." गाव एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलं. बैल धडधाकट होता, आंधळ्यालाही दिसत होतं. पण पाटलाला खोटं कोण पाडणार? बाकीचे बैल शेतातून घरी गेले. तोरण तसंच.

दुसऱ्या दिवशी टिप्पर आला. ड्रायव्हर सिंदीकडचा, घरी बैलजोडी असलेला. तो खाली उतरला, तोरणाला हात जोडले आणि टिप्पर मागे घेत सडकेपर्यंत गेला. पाठचेही तसेच. शेवटी मालक स्वतः कार घेऊन आला आणि ड्रायव्हरांवर ओरडला, "पानं हायेत रे थे, वाळलेले पानं! तोडा!" ड्रायव्हर म्हणाला, "मालक, तुमी तोडा." सारं गाव जमलं होतं. मालकाचा हात वर गेला. बुढी सायकलीला टेकून उभी होती, म्हणाली, "तोड ना बापा. तुह्या घरीबी बैल होते, मले मालूम हाय." हात खाली आला. तो कारमध्ये बसला आणि काच वर केली.

पाटलाचा बैल दिवाळीपर्यंत लंगडला. तोवर बुढीही सायकल हाताने शेतातून काढून पुढे पाळीवर चढायची. तेवढ्यात ग्रामसभा झाली, ठराव झाला आणि वाटेच्या दोन्ही तोंडांना दगडी खांब रोवले. बैलगाडी जाईल, सायकल जाईल, टिप्पर जाणार नाही. खांब बसले त्या दिवशी पाटलाचा बैल एकदम बरा झाला आणि तोरण तुटलं.

यंदा थंडीत बुढी गेली. ताप आला, छातीत उतरला, वर्ध्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी केलं तेवढं केलं. लोक म्हणतात, सुखाने गेली. खोटं आहे. ती भांडत गेली. शेवटपर्यंत नळी काढून टाकत होती आणि नर्सला म्हणत होती, "मले घरी जाऊ द्या, मासोळी सडते." आता घरात माझ्याशी भांडायला कोणी नाही. मी दोन माणसांचा भात टाकतो आणि एकाचा खातो. यावर अजून काही लिहायचं नाही.

तेरवीच्या दिवशी खदानीचा मालक आला, सोबत सरपंच. पंगत उठायची होती. मालकाने हात जोडले, म्हणाला, "काका, काकूची आठवण राह्यली पाहिजे. पाटाची वाट मी माह्या खर्चानं डांबरी करून देतो. तोंडाशी मोठी कमान, त्याच्यावर काकूचं नाव." सरपंच म्हणाला, "फक्त थे खांब काढा लागन."

माझा मुलगा हिंगणघाटला जिनिंगमध्ये आहे. तो म्हणाला, "बाबा, हो म्हणा. आईचं नाव राह्यते." पंगतीतले लोक माना हलवू लागले.

मी म्हणालो, "जेवाले बसा. खीर वाढा यायले. अन् खांबाले हात लावला तं याद राखा."

"बाबा, नावाचं..."

"तिचं नाव तिच्याच गिऱ्हाइकायले मालूम नव्हतं. सायकलवाली म्हणत. कमानीवर कोणाचं नाव लिवता? खालून टिप्पर जाईन अन् वर तुही माय लटकन?"

मुलगा जेवला नाही. रागाने मोटारसायकल काढून हिंगणघाटला गेला. सरपंच जाता जाता म्हणाला, "ग्रामसभेत पाहू. आता बाई नाई, तुमी एकटे किती दिवस पुराल?" मी म्हणालो, "पुरेन तेवढे दिवस."

ग्रामसभा झाली. मला भाषण येत नाही. मी उभा राहून एवढंच म्हटलं की ज्याला खांब काढायचे असतील त्याने आधी आपल्या पोरीला त्या वाटेने सायकलीवर शाळेत धाडून दाखवावं. पाटात पडलेल्या मुलीची आई पहिली उठली. मग एकेक बाई उठत गेली. खांब काढायचा ठराव पडला. पुढच्या वेळी तो पुन्हा येईल, मला माहीत आहे. मीही येईन.

पण यंदाच्या पावसाने वाट जागोजागी फाटली होती, आणि सरपंच सगळ्यांना सांगत फिरत होता की पाहा, कच्ची वाट टिकत नाही. म्हणून मी टेकडीच्या पायथ्याचा मुरूम खोदून घमेल्याने वाहायला लागलो. एक खड्डा भरायला मला अर्धा दिवस लागतो. पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, पुन्हा मुरूम. रविवारचे सायकलवाले थांबतात, थोडा हात लावतात, फोटो काढतात, जातात. त्यांचं काही चुकत नाही.

परवा पाठीमागून पावलं वाजली. मुलगा होता. हिंगणघाटहून आलेला, तोंड अजून फुगलेलं. मोटारसायकल खांबाबाहेर सडकेवर उभी होती. त्याने खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाला, "एकटे काऊन करून राह्यले? मले सांगता नाई येत?"

मी हातातलं काम सोडलं नाही.

"घमेलं एकच हाय," मी म्हणालो. "दुसरं घरून आण. अन् पायीच येजो."

तो गेला. पायी गेला.