तानबाचा डावा हात

समुद्रपूरच्या बाजारात तानबाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओची पेटी उघडली की त्याचा डावा हात पाठीमागं जायचा आणि पायजम्याच्या नाडीत अडकून बसायचा. सारं काम उजव्यानं. गिऱ्हाइकं टिंगल करायची, "काय गा तानबा, तो हात सासरी ठेवून आला का?" तानबा हसायचा, पण हात काढायचा नाही.

सत्तरच्या सुमाराला रेडिओ म्हणजे वॉल्वचा. आत काचेचे दिवे. ते लाल व्हायचे, तापायचे, मग पेटी बोलायची. त्या दिव्यांना दोन-तीनशे व्होल्टचा खुराक लागे, आणि वायर उपटून ठेवली तरी तो वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमध्ये दबा धरून राही. एका हातानं शिरून दुसऱ्या हातानं निघाला, तर वाटेत काळीज. म्हणून एक हात मागं. त्याआधी पेचकस टेकवून आत उरलेली वीज ठिणगी पाडून संपवायची. फट्ट वाजलं की तो म्हणे, "मेली."

मग ट्रान्झिस्टर आला. हरभऱ्याएवढा दाणा, त्याला तीन पाय. ना उजेड, ना ताप, सेलवर चालणारा. बोट लावा, चिमटा घ्या, गुदगुलीही नाही. लोकांनी वॉल्वच्या पेट्या माळ्यावर टाकल्या. तानबाच्या टेबलावर ट्रान्झिस्टरच येऊ लागले, आणि कोणाच्या ध्यानात न येता त्याचा डावा हात नाडीतून सुटून पुढं आला. पेचकसाची ठिणगीही सुटली. मरायला काही जिवंतच नव्हतं.

त्याची बायको भागीरथा मागच्या खोलीतून हे पाहायची. आधी तिला बरं वाटलं, नवरा दोन हातांचा झाला म्हणून. मग वाटेनासं झालं. एकदा तिनं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, जमाना बदलला, तू चहा ठेव.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात, उन्हानं पत्रे तडतडत असताना, लग्नात भोंगे लावणारा बापूराव गिरडकडून आपला जुना अँप्लिफायर घेऊन आला. वॉल्वचा, मोठा, दोघांनी उचलायचा. चालता चालता मुका झाला होता आणि संध्याकाळी वरात होती. बापूराव घाई लावून पान खायला गेला.

तानबानं तो एकदा लावून पाहिला, मग वायर उपटली, झाकण काढलं. कपाळाचा घाम डाव्या हातानं पुसला आणि तोच हात पेटीच्या पत्र्यावर टेकवला. भागीरथा दारात आली. 

"अवो, हात मागं घ्या."

"लाईन कुठं हाय? वायर तं खाली पडून हाय," तो म्हणाला, आणि सवयीनं उजवं बोट आत घातलं.

तो ओरडला नाही. बसल्या जागी ताठ झाला, मग टेबलावर कलंडला. भागीरथा वायर उपटायला धावली. वायर जमिनीवरच होती. उपटायला काहीच नव्हतं.

डॉक्टर येऊन गेले. माणसं जमली. बापूराव पुन्हा पुन्हा विचारत होता, लाईन नोहती, तं मेला कसा? कोणी म्हणालं, ऊन लागलं. वीज पेटीतच दबून होती, असं भागीरथेनं एकदा सांगून पाहिलं, कोणाला पटलं नाही. वरातीची वेळ होत आली, तरी पेटीला हात लावायला कोणी धजेना. बापूराव तिथंच घुटमळत राहिला.

"घेऊन जा भाऊ," भागीरथा म्हणाली. "आता नाई करत ते पेटी काई. होतं तेवढं त्यायले देऊन बसली."